गिफ्ट कार्ड आणि कॅशबॅक : सवलत पदरात पाडायची तर हिशेब ठेवा

गेल्या वर्षी मामूंच्या हार्डवेअर दुकानाचा वार्षिक हिशेब लावायला बसलो, तेव्हा गल्ल्यात जुन्या बिलांखाली एक पाकीट सापडले. आत पाच गिफ्ट कार्डे. रंग आणि प्लायवूडच्या कंपन्यांनी विक्रीचे उद्दिष्ट पुरे केल्याबद्दल ती दिलेली होती. एकूण रक्कम सोळा हजार रुपये. त्यांतील दोन कार्डांची मुदत उलटून गेलेली.

"मामू, ही वापरली का नाहीत?"

"अरे, ती बक्षिसाची आहेत. फुरसतीने बघू."

आपल्या बहुतेक दुकानदारांची चूक इथेच होते. हे बक्षीस नाही. मालाच्या भावात जी सूट कंपनीने द्यायची, तीच तिने कार्डाच्या रूपाने दिली आहे. म्हणजे तो आपला नफाच आहे, आणि तो गल्ल्यात सडतो आहे.

कार्ड हाती येताच ते कोणत्या जातीचे आहे हे पाहावे. एका दुकानाने स्वतःच्या मालासाठी काढलेले कार्ड रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड नियमांत येत नाही. तिथे त्या दुकानाच्या अटी चालतात. पण अनेक दुकानांत चालणारे कार्ड बँक किंवा परवानाधारक कंपनीने काढलेले असेल, तर त्याला नियम लागू होतात. रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या निर्देशांत अशा गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये आणि मुदत किमान एक वर्ष ठरवली. ग्राहकाने मागितल्यास मुदत वाढवून किंवा नवे कार्ड द्यावे, असेही त्यात आहे. शिवाय बँकेतर कंपन्यांना सांगितले आहे की मुदत संपल्यावर शिल्लक रक्कम किमान तीन वर्षे आपल्या नफ्यात वळती करू नये, आणि ग्राहकाने मागितली तर ती त्याच्या बँक खात्यात द्यावी. ही गोष्ट फार थोड्या व्यापाऱ्यांना माहीत असते.

मामूंच्या मुदत संपलेल्या दोन कार्डांपैकी एक या प्रकारचे निघाले. कार्डाच्या पाठीवरच्या पत्त्यावर ई-मेल केला, दोनदा आठवण दिली, तेव्हा नवे कार्ड आले. दुसरे एकाच दुकानाचे होते. ते बुडाले.

यातून एक सवय लावून घ्यावी. अनेक दुकानांत चालणाऱ्या कार्डाचे एका दुकानाच्या व्हाउचरमध्ये रूपांतर करण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. खरेदीच्या दिवसापर्यंत हे रूपांतर करू नये. व्हाउचर एकदा झाले की परत फिरत नाही, आणि दरम्यान तो माल शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाला तर हात बांधलेले राहतात.

आता कॅशबॅककडे वळू. तो कोणाच्या खिशातून येतो? ग्राहक क्रेडिट कार्डाने पैसे देतो तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून काही टक्के कापले जातात, हे मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यातलाच एक तुकडा बँक ग्राहकाला परत करते. विकताना आपण तो भरतोच, मग खरेदी करताना परत का घेऊ नये?

समजा, एका सुताराला दहा हजारांचे ड्रिल मशीन घ्यायचे आहे. तीन टक्के सवलतीत मिळणारे दहा हजारांचे गिफ्ट कार्ड त्याने ९,७०० रुपयांना घेतले. ते ज्या क्रेडिट कार्डाने घेतले त्यावर एक टक्का कॅशबॅक, म्हणजे ९७ रुपये मिळाले. एकूण बचत ३९७ रुपये. दुकानात सेल असेल तर ती सूट वेगळी. मात्र "अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट" अशी जाहिरात असेल, तर गिफ्ट कार्डाने पैसे देणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. दोन्हींची बेरीज आधी करून पाहावी. तसेच गिफ्ट कार्डाच्या खरेदीवर कॅशबॅक न देणाऱ्या बँका पुष्कळ आहेत. अटी वाचल्याशिवाय ९७ रुपये जमा धरू नयेत.

बिल मुदतीत भरले नाही तर काय होते तेही पाहा. महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ९,७०० रुपयांवर एका महिन्याचे ३३९ रुपये ५० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी ६१ रुपये. झाले ४०० रुपये. सारी बचत गेली, वर तीन रुपये खिशातले. व्याज टाळणाऱ्या आपल्या माणसाला तर हा प्रश्न केवळ तीन रुपयांचा नाही. पूर्ण रक्कम तारखेला भरण्याची खात्री नसेल तर डेबिट कार्डाने घ्यावे. कॅशबॅक कमी मिळेल, उधारी होणार नाही.

या तीनचारशे रुपयांच्या मागे धावताना मोठी रक्कम हातची जाऊ नये. दहा हजारांच्या ड्रिलमध्ये १८ टक्के दराने सुमारे १,५२५ रुपये जीएसटी असतो. धंद्यासाठी घेतलेल्या मशीनवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. गिफ्ट कार्डाच्या पावतीवर ते मिळणार नाही, कारण व्हाउचरचा व्यवहार हा माल वा सेवेचा पुरवठा नाही, असे ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. क्रेडिट मिळते ते मशीनच्या बिलावर, तेही आपला जीएसटी क्रमांक असलेल्या. कार्डाने पैसे देताना हा क्रमांक सांगायचा राहून जातो.

कंपनीकडून मिळणाऱ्या कार्डांचीही वही ठेवावी. धंद्यातून मिळालेले असे लाभ वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेले तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा, असा नियम १ जुलै २०२२ पासून आला. कंपनी ती नोंद कर खात्याला देते. आपल्या हिशेबात ती रक्कम नसेल तर नोटीस दारात येते.

रंगारी, प्लंबर, सुतार यांना डब्यात किंवा खोक्यात कूपन मिळते. ते त्याच दिवशी स्कॅन करावे. पॉइंट की बँकेत रोख, अशी निवड असेल तर माझे मत रोखीकडे. कारागिरांना ईदची भेट म्हणून कार्ड देता येईल, पण मजुरी कार्डात देता येत नाही. कायद्याने ती रोख, चेक किंवा बँकेतूनच द्यावी लागते.

कार्डाचा क्रमांक आणि पिन म्हणजे नोटाच. "मोठे साहेब बोलतोय, तातडीने गिफ्ट कार्डे घेऊन नंबर पाठवा," असा फोन आला तर ती फसवणूक समजावी. नंबर दिला गेलाच असेल तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करावी आणि कार्ड काढणाऱ्या कंपनीला ते बंद करायला सांगावे.