दोन थरांच्या डीव्हीडीत सांधा कुठे ठेवावा?

एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी माहिती मावते, तर दोन थरांच्या डीव्हीडी+आर डीएल चकतीवर सुमारे ८.५ जीबी. पहिला थर अर्धपारदर्शक असतो. लेझर किरण त्यातून पलीकडे जाऊन दुसरा थर वाचतो. व्हिडिओ चकतीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. पहिला थर संपून दुसरा सुरू होतो, ती जागा म्हणजे लेअर ब्रेक, अर्थात सांधा. तिथे प्लेअरला किरण नव्या थरावर केंद्रित करावा लागतो. अनेक प्लेअरवर त्या वेळी चित्र क्षणभर थबकते.

केवळ फाइली साठवायच्या असतील, तर ही जागा बर्निंग सॉफ्टवेअरवर सोडून द्यावी. व्हिडिओ चकतीत मात्र ती विचारपूर्वक निवडावी लागते. उदाहरण तमाशाचे घेऊ. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची कर्मभूमी. यात्रांच्या हंगामासाठी तमाशाच्या सुपाऱ्या इथे ठरतात. अशा एखाद्या तमाशा फडाचा अडीच तासांचा प्रयोग चकतीवर उतरवायचा आहे, असे समजू. ढोलकीच्या ऐन तोड्यावर किंवा सवालाच्या अर्ध्यावर चित्र थांबले, तर प्रयोगाची लय तुटते.

जागा निवडताना पहिला नियम मापाचा. चकतीवरची जागा २,०४८ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतात. डीव्हीडी+आर डीएलच्या एका थरात जास्तीत जास्त २०,८६,९१२ सेक्टर बसतात. शिवाय दुसऱ्या थरातील माहिती पहिल्यापेक्षा जास्त असून चालत नाही. प्रयोगाने ३६ लाख सेक्टर व्यापले, तर सांधा १८ लाखांच्या अलीकडे आणि २०,८६,९१२ च्या पलीकडे ठेवता येत नाही. बिटरेट सर्वत्र सारखा धरला, तर अडीच तासांत ही जागा साधारण ७५व्या ते ८७व्या मिनिटादरम्यान येते. चकती जितकी काठोकाठ भरलेली, तितका हा पट्टा अरुंद. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा नियम रचनेचा. सांधा व्हिडिओच्या एखाद्या सेलच्या, म्हणजे तुकड्याच्या, आरंभी यावा लागतो आणि तो सेक्टर १६ ने भाग जाणारा असावा लागतो. त्यासाठी ऑथरिंग करतानाच योग्य ठिकाणी चॅप्टर खूण द्यावी, कारण चॅप्टरच्या सुरुवातीला नवा सेल सुरू होतो. १६ च्या पटीचा हिशोब इमेजबर्नसारखे सॉफ्टवेअर रिकामे सेक्टर भरून जुळवते. ते संभाव्य जागांची यादीही दाखवते. त्यातली आपली जागा निवडावी.

तिसरा नियम आशयाचा, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. गण, गवळण आणि बतावणी संपून वग, म्हणजे तमाशातील कथानाट्य, सुरू होतो, ती जागा सांध्यासाठी उत्तम. ती पट्ट्यात बसत नसेल, तर वगातील प्रवेश संपल्यानंतरची शांतता किंवा पडदा काळा होण्याचा क्षण निवडावा. पडद्यावर अंधार आणि आवाजात खंड असेल, तर थबकणे सहसा लक्षातही येत नाही.

वग ६८व्या मिनिटाला सुरू होत असेल, तर सारख्या बिटरेटने सांधा तिथे ठेवता येणार नाही, कारण नंतरची ८२ मिनिटे जास्त जागा घेतील. यावर बिटरेट हाच उपाय आहे. पहिल्या भागाला सरासरी ७.५ एमबीपीएस आणि वगाला ६ एमबीपीएस दिले, तर पहिला भाग सुमारे ३.८३ जीबी होतो आणि दुसरा ३.६९ जीबी. नाचातील वेगवान हालचालींना जास्त बिटरेट लागतोच; वगातील संवादांना तुलनेने कमी पुरतो. त्यामुळे चित्राचा दर्जाही टिकतो.

चकती तयार झाली, की ती आधी सॉफ्टवेअरने पडताळावी. मग एखाद्या जुन्या प्लेअरवर सांध्याच्या आधीची आणि नंतरची पाच मिनिटे सलग पाहावीत. मूळ चित्रीकरण मात्र हार्ड डिस्कवर वेगळे जपावे. चकती बिघडली तर दुसरी करता येते, मूळ गेले तर प्रयोग परत मिळत नाही.