जखमेवर नको, डागावर हवं!

होस्टेलमधली फर्स्ट एडची पेटी कधी नीट उघडून बघितली आहे का? आत कापूस असतो, बँडेज असतं, कात्री असते (कोणी क्राफ्टच्या कामाला नेली नसेल तर!) आणि कोपऱ्यात एक छोटी तपकिरी बाटली असते. तिच्यावर लिहिलेलं असतं हायड्रोजन पेरॉक्साईड. कोणाला खरचटलं की ही बाटली बाहेर निघते, जखमेवर पांढरा फेस येतो आणि बघणारे सगळे डॉक्टर होऊन सांगतात, "फेस आला ना? म्हणजे जंतू मेले!"

मी थर्ड इयर केमिकलची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हणजे मला व्हायव्हापेक्षा जास्त भीती. तेव्हा भाषा सांभाळून घ्या. केमिस्ट्रीची गॅरंटी मात्र माझी.

पाण्याचा रेणू एच टू ओ. त्याला ऑक्सिजनचा एक अणू जादा चिकटवला की झालं एच टू ओ टू. १८१८ साली फ्रान्समधल्या थेनार या शास्त्रज्ञाने हे प्रथम तयार केलं. हा जादाचा ऑक्सिजन लोकलच्या दारात लटकलेल्या माणसासारखा असतो. जरा धक्का लागला की सुटला! उजेडाने सुटतो, उष्णतेने सुटतो, धातूच्या कणांनी सुटतो. म्हणून तर बाटली तपकिरी. मागे उरतं फक्त पाणी.

बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे एक लिटर द्रावणातून साधारण २० लिटर ऑक्सिजन निघतो. टक्क्यांत सांगायचं तर ६ टक्के. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्के, म्हणजेच १० व्हॉल्यूम. पटत नसेल तर मोल कन्सेप्ट आठवा. ६८ ग्रॅम पेरॉक्साईडमधून २२.४ लिटर ऑक्सिजन निघतो, मग ३० ग्रॅममधून किती? गणित करून बघा, उत्तर दहाच्या अगदी जवळ येतं. या लेखात पुढे जिथे जिथे पेरॉक्साईड म्हटलंय तिथे हे ३ टक्केवालंच समजा.

आता त्या फेसाचं गुपित. आपल्या रक्तात आणि पेशींमध्ये कॅटलेज नावाचं एक एन्झाइम असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साईडचे लाखो रेणू फोडतो. फेस म्हणजे त्यातून निघालेला ऑक्सिजन. म्हणजे फेस आला याचा अर्थ जंतू मेले असा नाही, तर तिथे कॅटलेज आहे इतकाच! कापलेल्या बटाट्यावर टाकलं तरी तस्साच फेस येतो, आणि बटाट्याला काही जखम झालेली नसते.

पेरॉक्साईड जंतू मारत नाही असं नाही, मारतं. पण त्याला आपला-परका कळत नाही. जखम भरून काढायला आलेल्या नव्या पेशींनाही ते तसंच मारतं. माझी रूममेट मागच्या पावसाळ्यात स्कूटीवरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला होता. ती बिचारी रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने पेरॉक्साईड ओतायची, आणि आठवडा झाला तरी जखम ओलीच! डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर ती बाटली बंद करायला लावली. म्हणून साधं खरचटलं तर नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, आजूबाजूची घाण साबणाने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. खोल जखमेत तर पेरॉक्साईड अजिबात ओतू नका. आत अडकलेला वायू रक्तात शिरला तर जिवावर बेतू शकतं.

मग बाटली फेकून द्यायची का? मुळीच नाही! जो गुण जखमेला नडतो तोच घरकामात कामाला येतो.

रक्ताचे डाग : क्रिकेटची पांढरी पँट असो की बेडशीट. मुलींच्या होस्टेलला तर हे वेगळं सांगायला नको, आणि यात लाजण्यासारखंही काही नाही. डाग आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाणी नको, त्याने रक्तातलं प्रोटीन कापडात पक्कं बसतं. मग डागावर पेरॉक्साईड टाका, फेस येऊ द्या, पाच मिनिटांनी धुवा. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा, नाहीतर डागाबरोबर रंगही जाईल.

चहाचा मग : रात्र-रात्र जागून सबमिशन केल्यावर मगाच्या तळाशी जो तपकिरी थर बसतो त्यावर थोडा खायचा सोडा आणि पेरॉक्साईड टाकून अर्धा तास ठेवा. मग घासून भरपूर पाण्याने धुवा.

बाथरूम आणि कटिंग बोर्ड : टाइल्सच्या फटीतल्या काळ्या बुरशीवर किंवा भाजी चिरायच्या पाटावर आधी साबणाने घासून मग पेरॉक्साईड टाका. दहा मिनिटं राहू द्या. लगेच पुसलं तर उपयोग नाही, जंतू मरायला वेळ लागतो.

पिवळा पडलेला कीबोर्ड : जुन्या कॉम्प्युटरचं एबीएस प्लास्टिक वर्षानुवर्षांनी पिवळं पडतं. २००८ च्या सुमारास जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांनी शोधून काढलं की पेरॉक्साईड आणि ऊन मिळून ते पुन्हा पांढरं होतं. त्यासाठी ते केसांना लावायचं जास्त तीव्र क्रीम वापरतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि पिवळेपणा कालांतराने परत येऊ शकतो, हेही सांगून ठेवते.

बाग : खिडकीत मेथी-कोथिंबीर लावणाऱ्यांसाठी. जुनी कुंडी पुन्हा वापरण्याआधी, किंवा रोगट फांदी कापलेली कात्री, घासून धुतल्यावर पेरॉक्साईडने पुसून घ्या. पण "मातीत ओता, मुळांना ऑक्सिजन मिळतो, झाड जोमाने वाढतं" असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. मातीतही कॅटलेज असतंच, तिथे ते बघता बघता फुटून जातं. वर मेथीच्या मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन पकडणारे जे उपकारी जिवाणू असतात, त्यांनाही ते सोडत नाही.

आणि सॅनिटायझर! २०२० मध्ये कोविडच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या फॉर्म्युल्याने ठिकठिकाणी सॅनिटायझर बनलं त्यात ०.१२५ टक्के पेरॉक्साईड होतं. हातावरच्या जंतूंसाठी नव्हे बरं का, तर द्रावणातच कुठून बीजाणू आले असतील तर ते मारण्यासाठी. हातावरचं काम अल्कोहोलचं.

आता महत्त्वाचं. व्हिनेगरमध्ये मिसळू नका, डोळे आणि घसा जाळणारं परॲसिटिक ॲसिड तयार होतं. ब्लीचमध्ये तर नाहीच नाही, इतक्या जोरात ऑक्सिजन सुटतो की बंद बाटली फुटेल. तांब्या-पितळेला लावू नका. आणि कृपा करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवू नका. दिसायला ते अगदी पाणीच! रात्री अंधारात तहानलेला रूम पार्टनर लेबल शोधत बसत नाही.

टक्का वाढला की हाच पदार्थ किती वेगळा होतो बघा. सोयुझ रॉकेटचा टर्बोपंप तीव्र पेरॉक्साईडवर फिरतो. आणि १२ ऑगस्ट २००० ला रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली ती टॉर्पेडोतल्या तीव्र पेरॉक्साईडच्या गळतीमुळे, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यात ११८ जण गेले. म्हणून बाटली घेताना टक्का वाचायची सवय लावा, आणि लॅबमधली बाटली 'जास्त स्ट्राँग आहे' म्हणून रूमवर आणायचा मोह टाळा.

शेवटी एक टीप. उघडलेली बाटली हळूहळू नुसतं पाणी होत जाते, आणि बघून काही कळत नाही. शंका आली तर कापलेल्या बटाट्यावर दोन थेंब टाका. फेस आला तर बाटली जिवंत, नाही आला तर बेसिनमध्ये ओतून टाका. प्रयोगाचं साहित्य कमी पडणार नाही. आपल्या मेसमध्ये दुसरं काही मिळो न मिळो, बटाट्याला तोटा नाही!