मनी गाभण आहे, की आजारी?

मैत्रिणींनो, परवा शेजारच्या वहिनींकडे गेले, तर दारातच आनंदाची बातमी कळली. "आमची मनी गाभण आहे हो! पोट बघा कसं दिसतंय!"

मनी कोपऱ्यात गोणपाटावर पडून होती. पोट खरंच फुगलं होतं, पण पाठीची हाडं हाताला लागत होती. पुढ्यात ठेवलेल्या बांगड्याच्या डोक्याला तिनं तोंडही लावलं नव्हतं. पोटुशी मांजर एरवी वखवखल्यासारखी खाते. मला काही ते पटेना. संध्याकाळीच तिला टोपलीत घालून आम्ही पशुवैद्यांकडे नेलं. सोनोग्राफीत पिलू एकही नव्हतं. गर्भपिशवी पुवानं भरली होती!

डॉक्टर या दुखण्याला 'पायोमेट्रा' म्हणतात. ते होतं तरी कसं?

मांजरीचं बीज सहसा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. काहींचं मात्र त्यावाचूनही सुटतं. बीज सुटलं, की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक पाझरू लागतं. येणाऱ्या पिलांसाठी अंथरूण घालणं हे त्याचं काम. पिशवीचं अस्तर जाड होतं, आत ओलावा वाढतो, पिशवीचं आकुंचन थांबतं आणि तोंड मिटतं. पिलांना परकं समजून शरीरानं त्यांच्यावर हल्ला करू नये, म्हणून तिथला पहाराही ढिला पडतो.

पिलं राहिली तर सारं ठीक. पण माजाच्या दिवसांत पिशवीचं तोंड उघडं असताना जंतू आत शिरलेले असले, तर हेच अंथरूण त्यांना मिळतं. ऊब आहे, खाऊ आहे, पहारा नाही! बहुतेक वेळा हे जंतू 'ई. कोलाय', म्हणजे आतड्यात राहणारेच असतात.

मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. प्राणवायूपासून त्या अत्यंत दाहक कण तयार करतात आणि जंतूंवर सोडतात. एरवी ग्लुटाथायोनसारखी शरीरातलीच द्रव्यं हे कण वेळीच विझवतात. पण लढाई लांबली, की ती अपुरी पडतात आणि शरीराच्या स्वतःच्या पेशीही होरपळतात. चुलीतला विस्तव चुलीत आहे तोवर स्वयंपाक होतो. बाहेर पडला की घर पेटतं, तसंच हे. त्यात जंतूंचं विष रक्तात भिनलं, की दुखणं जिवावर बेतलंच म्हणून समजा.

मग ओळखावं कसं? मांजर पडली स्वच्छतेची भोक्ती. पू बाहेर आला तरी चाटूनपुसून साफ करते, आपल्याला पत्ताच लागत नाही. पिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं असेल तर काही बाहेरच येत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. म्हणून माजानंतरच्या महिना-दोन महिन्यांत मांजर जेवेनाशी झाली, सुस्त पडली, शेपटीखाली सारखी चाटू लागली, ओकू लागली किंवा अंगानं वाळून पोटानं फुगली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता काय करू नये, तेही ऐका. पोट चोळू नका. पिशवी फुटू शकते. अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटॅमॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका! मांजरीच्या यकृताला ती पचवता येत नाही. ग्लुटाथायोन संपतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, आणि एका गोळीनंही मांजर दगावू शकते. माज थांबवायच्या गोळ्या-इंजेक्शनंही परस्पर देऊ नयेत. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखंच द्रव्य असतं. त्यानं हे दुखणं ओढवू शकतं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सलाइन देऊन, प्रकृती सावरून, बीजकोश आणि पिशवी शस्त्रक्रियेनं काढून टाकणं. नुसत्या अँटिबायोटिकवर विसंबू नये. औषधानं पिशवी रिकामी करता येते, पण दुखणं उलटण्याची भीती राहते.

त्यापेक्षा मांजर पाच महिन्यांची होते न होते तोच डॉक्टरांना विचारून ही शस्त्रक्रिया केलेली बरी. "एकदा तरी पिलं होऊ द्यावीत" असं आपण म्हणतो, पण त्यानं मांजरीची तब्येत सुधारते असं मुळीच नाही. उलट सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर तिच्या स्तनांत कर्करोगाच्या गाठी होण्याचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होतो.

मनी वाचली. टाके काढले त्या दिवशी तिनं ओट्यावरचा बोंबील पळवला, आणि वहिनींना कोण आनंद झाला! तुमची मांजर अजून शस्त्रक्रियेविना असेल, तर दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर तिच्या माजाची तारीखही लिहून ठेवा. मांजर गाभण असली तर साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. पण पोट दिसू लागलं म्हणून दिवस मोजत बसू नका. आधी तिची ताटली रिकामी होतेय का, ते बघा.