मुलांनी लिहायचं कुणासाठी?

चेन्नईच्या नैर्ऋत्येला वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळ कोइल-श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे ओरगडम आहे. तळी आणि भातशेती यांचा हा मुलूख गेल्या दोन दशकांत पार बदलला. २०१० साली इथे रेनो-निसानच्या मोटारी तयार होऊ लागल्या, २०१२ साली डेमलरचा ट्रकचा कारखाना सुरू झाला, २०१३ साली रॉयल एनफील्ड आली. टायर आणि सुटे भाग बनवणारे कारखाने त्यांच्या आगेमागे आले. चाकण, पिंपरी-चिंचवड, नाशिक इथे वाहन उद्योगात हात बसलेली मराठी माणसं नोकरीनिमित्त इकडे येतात ती याच वाटेने. बिऱ्हाडाबरोबर मुलंही येतात आणि इथल्या शाळांत जातात.

या मुलांच्या दप्तरात भाषांची गर्दी असते. शिकण्याचं माध्यम इंग्रजी. तमिळनाडूच्या २००६ च्या कायद्याने तमिळ पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. महाराष्ट्राने मराठीसाठी असाच कायदा २०२० साली केला, त्यामुळे यात तक्रारीला जागा नाही. केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळांत हिंदीही असते. मराठी मात्र शाळेत कुठेच नाही. ती घरात बोलली जाते आणि लिहायची वेळ आली की पालकांच्या लक्षात येतं, की मूल अडखळतंय. पण तक्रार नीट ऐकली तर ती फक्त मराठीची नसते. ‘बोलायला बसला की थांबत नाही, लिहायला बसवला की दोन ओळींत संपतं,’ हे इंग्रजीबद्दलही बोललं जातं आणि ते सांगलीत, पुण्यातही ऐकू येतं. ओरगडमच्या घरात ही अडचण फक्त जास्त ठळक दिसते.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. मूल चांगलं लिहू लागतं, ते त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही असतं आणि ते वाचणारं खरं माणूस समोर असतं म्हणून. अक्षर, शुद्धलेखन, वाक्यरचना हे सगळं शिकवावंच लागतं, पण या दोन गोष्टींच्या आधाराने.

मद्रासची वाळू

लेखन शिकवण्याच्या जागतिक इतिहासातलं एक महत्त्वाचं पान चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, लिहिलं गेलं. स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातल्या, लष्करी शिपायांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख झाले. एकदा त्यांनी एका देशी पाठशाळेत मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. हीच रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं, ही व्यवस्थाही त्यांनी बसवली. १७९६ साली ते मायदेशी परतले आणि पुढच्या वर्षी त्यांनी या प्रयोगावर पुस्तक छापलं. इंग्लंडमध्ये ही रीत ‘मद्रास पद्धत’ म्हणून हजारो गरीब मुलांपर्यंत पोहोचली.

वाळूचे दोन गुण आजही मोलाचे आहेत. ती फुकट असते आणि तिच्यावरची चूक तळहाताने पुसता येते. लाल शाईची खूण वहीत कायमची राहते, वाळूत काहीच राहत नाही, म्हणून हात घाबरत नाही. पण बेल यांच्या पद्धतीची मर्यादाही ओळखायला हवी. मुलं सांगितलेलं लिहीत, दाखवलेलं गिरवत. अक्षर वळण घेत असे. मुलाचं म्हणणं कागदावर येत नसे. दोनशे वर्षांनंतर आपल्या बऱ्याचशा शाळा याच टप्प्यावर उभ्या आहेत.

तंजावरचा धडा

बेल मद्रासमध्ये असतानाच, १७९३ साली, तंजावरच्या भोसले घराण्यातला एक मुलगा शिकायला मद्रासला आला. मिशनरी श्वार्ट्झ त्याचे पालक होते. पुढे १७९८ साली हाच मुलगा दुसरे सरफोजी म्हणून गादीवर बसला. सरफोजींनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली तिथे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापलं गेलं. त्यात इसापाच्या गोष्टी होत्या. पुण्यात मराठी छापखाना सुरू होण्याआधी, कावेरीच्या काठी मुलांसाठी मराठी पुस्तक तयार झालं होतं. परमुलखातल्या मराठी मुलांना आपल्या भाषेत वाचायला मिळालं पाहिजे, हे त्या राजाने ओळखलं होतं.

तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आजही तमिळनाडूत आहेत. त्यांनी आपली बोली दोन-तीन शतकं घरात जपली, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्यांतल्या बहुतेक घरांत वाचणं-लिहिणं तमिळ आणि इंग्रजीतून होतं. भाषा जिभेवर टिकली, हातातून गेली. ओरगडमला आलेल्या घरांनी हा इतिहास लक्षात ठेवावा असं मला वाटतं. घरात बोललेल्या भाषेला लिहिण्याचं काहीतरी काम दिलं नाही, तर तिचं लेखन दुसऱ्या पिढीतच थांबतं.

निबंधाने केलेलं नुकसान

आपल्याकडे लेखन म्हणजे निबंध, आणि निबंध म्हणजे ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझा आवडता प्राणी’. मार्गदर्शकातले नमुने पाठ होतात आणि परीक्षेत उतरतात. कधीही गाय न हाताळलेलं मूल गाय किती उपयुक्त आहे ते सांगतं. यात मुलाचा दोष नाही. गुण वाक्यांच्या संख्येला आणि सुविचाराला मिळतात हे त्याला कळलेलं असतं. ते लेखन परीक्षकाशिवाय कुणी वाचणार नसतं आणि परीक्षकही त्यातल्या चुकाच मोजणार असतो. अशा वेळी कमीत कमी धोका पत्करणं हेच शहाणपण ठरतं, म्हणून मूल येणारे शब्द वापरतं, छोटी वाक्यं लिहितं आणि थांबतं. आता तर संगणकालाच निबंध लिहून मागता येतो. ज्या लेखनाला वाचक नाही ते यंत्राकडून करून घेणं मुलाला चुकीचं का वाटावं?

ज्यांनी वेगळी वाट काढली

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२४ साली वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःच्या दिवसावर लिहीत, वर्ग एक मजकूर निवडे, सगळे मिळून तो सुधारत, खिळे जुळवत आणि छापत. ही पानं दूरच्या दुसऱ्या शाळेला जात आणि तिथून उत्तरं येत. छापायचं आणि दूरच्या मुलांना पाठवायचं, म्हणून एकेका शब्दाचा विचार होई. शुद्धलेखनाला प्रथमच कारण मिळालं.

इटलीत बार्बियाना या डोंगराळ वस्तीत लोरेंझो मिलानी या पाद्र्याने नापास ठरवलेल्या मुलांची शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला लिहिलेलं दीर्घ पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने आलं आणि जगभर वाचलं गेलं. त्यांची रीत कुठल्याही वर्गात जमेल अशी आहे. प्रत्येकाने सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. मग चिठ्ठ्या मांडून सारख्या एकत्र करायच्या, गठ्ठे पाडायचे, क्रम लावायचा. मग मसुदा करायचा आणि त्यातून अनावश्यक शब्द काढत जायचं.

महाराष्ट्रातही हे काम झालं आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या लोकांच्या बोलीवर भाषाशास्त्रीय संशोधन केलं आणि पुढे फलटणलाच राहून शिक्षणाचं काम उभं केलं. १९८६ साली सुरू झालेलं कमला निंबकर बालभवन त्यातूनच आलं. मुलाची घरची बोली ही चूक नाही, तिथूनच वाचन-लेखनाची सुरुवात करायची, हा त्यांच्या कामाचा पाया. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला शिकण्याच्या मध्यभागी ठेवलं.

खुद्द चेन्नईत २००३ साली महापालिकेच्या शाळांत कृतीआधारित शिक्षण सुरू झालं. त्याची प्रेरणा आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची होती. मुलं चटईवर गटाने बसू लागली, कार्डांवरून आपापल्या गतीने शिकू लागली. भिंतीच्या खालच्या भागाला काळा रंग देऊन मुलांच्या उंचीचे फळे केले गेले. फळा बाईंच्या हातातून मुलांच्या हाती आला. चार-पाच वर्षांत ही पद्धत राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली.

अभ्यास काय सांगतात

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सर्वांत जास्त फायदा दिसला तो आखणी, लेखन आणि सुधारणा कशी करायची हे टप्प्याटप्प्याने शिकवण्याचा आणि वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवण्याचा. मुलांनी एकमेकांबरोबर लिहिण्याचा फायदाही मोठा होता. सुटी छोटी वाक्यं जोडून एक वाक्य करण्याचा सरावही उपयोगी ठरला. व्याकरण वेगळं काढून शिकवल्याने मात्र लेखन सुधारल्याचं दिसलं नाही.

वाक्यजोडणी घरी पाच मिनिटांत करता येते. ‘पाऊस आला. वीज गेली. आम्ही गॅलरीत बसलो.’ ही तीन वाक्यं मुलाला द्या. एक मूल लिहील, ‘पाऊस आला आणि वीज गेली म्हणून आम्ही गॅलरीत बसलो.’ दुसरं लिहील, ‘वीज गेली तेव्हा आम्ही पाऊस बघत गॅलरीत बसलो होतो.’ दोन्ही बरोबर, पण सांगितलेली गोष्ट वेगळी. ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘तरी’, ‘जरी’ या शब्दांचं बळ व्याख्येपेक्षा इथे लवकर कळतं.

हस्ताक्षराचाही मुद्दा आहे. प्रत्येक अक्षर आठवून काढावं लागत असेल, तर मुलाचं लक्ष अक्षरातच संपतं आणि विचाराला उरत नाही. म्हणून रोजचा थोडा अक्षरसराव हवा. पण सरावाची वेळ वेगळी आणि मनातलं लिहिण्याची वेळ वेगळी.

ओरगडमच्या घरात

दोन लिप्या शिकणाऱ्या मुलाच्या चुका समजून घेतल्या पाहिजेत. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे, ख आणि घ यांना स्वतंत्र अक्षरं नाहीत. म्हणून ‘घर’ऐवजी ‘गर’ लिहिलं जाऊ शकतं. तमिळमध्ये स्वर नसलेल्या व्यंजनावर ‘पुळ्ळी’ हा ठिपका देतात आणि पुढचं अक्षर शेजारी पूर्ण लिहितात. हेच डोक्यात ठेवून मूल ‘रस्ता’मधल्या सचा पाय मोडून त्याच्या शेजारी ता लिहील. ही चूक निष्काळजीपणाची नाही, ते मूल एका लिपीचा नियम दुसरीला लावून बघतंय. त्याला फरक समजावून सांगा, लगेच पटतो. ळ तर दोन्ही भाषांत आहे आणि या मुलांना तो सहज येतो.

लहान मुलाला आधी बोलू द्या, चित्र काढू द्या. ते सांगेल ते त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहून घ्या आणि वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर थांबतं आणि पुन्हा ऐकू येतं, हे त्याला तिथे कळतं. मोठ्या मुलाला लिहिण्याचं खरं काम द्या. किराण्याची यादी, पाहुण्यांसाठी बसथांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता, आजीकडून फोनवर विचारून लिहिलेली चकलीची कृती. कृती चुकली तर चकली बिघडते, म्हणून तिथे ‘आधी’, ‘मग’, ‘तोपर्यंत’ नेमके पडावे लागतात.

गावी पत्र पाठवा. पोस्टकार्ड अगदी स्वस्त असतं आणि त्यावर जागा मोजकी असल्याने निवड करावी लागते. आजी-आजोबांना मात्र सांगून ठेवा, की पत्राला पत्रानेच उत्तर द्यायचं आणि त्यात एक तरी प्रश्न विचारायचा. टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा दरवर्षी होते. ती हाताने लिहिलेल्या पत्रांची असते आणि भारतीय भाषांत लिहिता येतं.

लिहायचं तर वाचायला हवं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. रोज रात्री मोठ्याने एक गोष्ट वाचली, तर मराठी वाक्याची चाल कानात बसते. ती व्याकरणाच्या पुस्तकातून बसत नाही.

मुलाचं लेखन हातात आलं की पहिल्यांदा त्यातल्या मजकुराबद्दल बोला. ‘कुत्रा मागे लागला तेव्हा तू कुठे पळालास?’ असं विचारलं, की पुढची दोन वाक्यं मूल आपणहून लिहितं. मग त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. अडखळलं तिथे वाक्य मोडलेलं असतं आणि ते त्याच्या लक्षात येतं. चुका एका वेळी एकाच प्रकारच्या घ्या. या आठवड्यात फक्त पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात फक्त जोडाक्षरं.

शाळेकडे काय मागायचं

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक वही दर आठवड्याला तपासणं शिक्षकाला शक्य नाही, ही खरी अडचण आहे. पण प्रत्येक लेखनाला गुण द्यावेच लागतात असं नाही. मुलं जोडीने एकमेकांचं वाचू शकतात, भित्तिपत्रक काढू शकतात, दुसऱ्या गावातल्या शाळेशी पत्रमैत्री करू शकतात. तमिळनाडू सरकारने २०२२ साली पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’ मोहीम सुरू केली, तिच्या नावातच अंक आणि अक्षरं आहेत. त्या वयात अक्षरओळख पक्की झाली, की तिसरी-चौथीपासून वर्गात आठवड्याला एक तास तरी मुलांच्या स्वतःच्या लेखनाला मिळाला पाहिजे, मग भाषा तमिळ असो, इंग्रजी असो वा मराठी. एका भाषेत आखणी करायला, सुधारायला शिकलेलं मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. म्हणून घरच्या मराठी लेखनात गेलेला वेळ इंग्रजीच्या वाट्याचा कापलेला नसतो.

पालकसभेत आपण गुण विचारतो, अक्षराबद्दल विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या: माझ्या मुलाने या वर्षी स्वतःच्या मनाने काय लिहिलं आणि ते कुणी वाचलं? हाच प्रश्न घरीही स्वतःला विचारायचा आहे. दोन्हीकडे उत्तर देता यायला लागलं, की शुद्धलेखनाच्या वह्यांना आणि अक्षराच्या सरावालाही अर्थ येईल.