माळ्यावरचे एनॅमलचे डबे

गेल्या वर्षीं जालन्याच्या एका कोमटी घराच्या माळ्यावरून एनॅमलचे पांच डबे खालीं काढतांना मी तेथें होतों. अंग पांढरें, कड निळी. मोठ्यांत चिंच असे, त्याहून लहानांत लोणचें, असें घरच्या आजी सांगत होत्या.

कोमटी हे मूळचे तेलुगुभाषी व्यापारी. मराठवाड्यांत ते पिढ्यान् पिढ्या वसले आहेत. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद आगगाडी झाली व पेठेंत परदेशी माल सुलभ झाला. दूर तमिळ मुलुखांत, चेट्टिनाडच्या सावकारांनीं असेंच युरोपी एनॅमल घरीं आणलें. कारैकुडीच्या जुन्या बाजारांत तें आजहि विकलें जातें.

गृहिणींना हे डबे कां आवडले? पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हई हवी. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारें ८०० अंश उष्णतेंत वितळवून बसविलेली कांच; तिला चिंचेचें भय नाहीं. मात्र आपटलें कीं टवका उडतो आणि गंज धरतो. शिवाय पितळेला मोड येते, एनॅमलला येत नाहीं. म्हणूनच हे डबे माळ्यावर राहिले, असें मला वाटतें.

आतां त्यांना संग्राहकांचा भाव आला आहे आणि धोकाहि. जालना आज सळयांच्या कारखान्यांचें गांव. भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या जवळच आहेत. टवके उडालेला डबा लोखंड म्हणून तिकडे गेला कीं संपला.

घेणाऱ्यानें टवका निरखावा. पांढऱ्या थराखालीं बहुधा काळसर थर दिसतो. तो पत्र्याला धरून ठेवणारा कोबाल्टयुक्त थर. नुसता रंग दिलेला असेल तर सुईनें सहज खरवडतो. टवक्यावर नवा रंग देऊं नये. कोरडें पुसून किंचित् तेल लावावें. जुन्या लाल-पिवळ्या एनॅमलांत शिसें वा कॅडमियम असूं शकतें, म्हणून त्यांत खाद्यपदार्थ ठेवूंच नयेत.

भाव ठरविण्यापूर्वीं घरच्या वृद्धांना विचारावें. डबा कोणाचा, आंत काय असे, हें चिठ्ठीवर लिहून ती सुतळीनें कडीला बांधावी. आम्हीं चार चिठ्ठ्या बांधल्या. पांचव्यांत काय असे, तें आजींनाहि आठवेना.