टपावरचा माल आणि घाटातले वळण

ईद, दिवाळी किंवा लग्नसराई तोंडावर आली की मालेगाव-भिवंडीच्या रस्त्यावर घरच्या मोटारी मालाने लादलेल्या दिसतात. आत तीन-चार माणसे, डिकी गच्च आणि टपावरच्या कॅरिअरवर कापडाचे तागे. टेम्पोचे भाडे वाचते, माल आपल्या ताब्यात राहतो, हा लहान व्यापाऱ्याचा हिशेब आहे. सुतारकाम करणारे बंधू प्लायवूड आणि फळ्या अशाच नेतात. परंतु टपावरचा माल गाडीची चाल बदलून टाकतो, ही रक्कम या हिशेबात कोणी धरत नाही. सपाट रस्त्यावर ती समजतही नाही. दीडशे किलो म्हणजे दोन माणसांचे वजन, इंजिन ते विनातक्रार ओढते. चालवणारा फसतो तो इथेच.

खरा प्रश्न वजनापेक्षा उंचीचा आहे. माणसांसह साडेबाराशे किलोची मोटार घ्या आणि तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरा. १८५ सेंटिमीटर उंचीवर ७५ किलो ठेवले की हा मध्य सुमारे ७ सेंटिमीटर वर सरकतो. दीडशे ठेवले तर १३. तेच वजन डिकीच्या तळाशी असते तर मध्य जागचा फारसा हलला नसता. मध्य वर गेला की वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला जास्त झुकते आणि सरळ व्हायला वेळ घेते. डावे वळण संपताच उजवे आले, तर पहिला झोल जिरण्याआधीच दुसरा सुरू होतो. गाड्या उलटतात त्या अशा वेळी.

जुन्या महामार्गाने मालेगावहून मुंबईकडे येताना कसारा घाट उतरावा लागतो. तिथे उतार, वळण आणि ब्रेक हे तिन्ही एकत्र येतात. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर तो दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंगला झटका देऊ नये. उतारावर खालचा गिअर ठेवावा, कारण सतत दाबलेले ब्रेक तापून पकड सोडतात. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखावे.

जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला आणि घाट टाळता येऊ लागला. पण तिथे वेगळी जोखीम आहे. इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ ८ किलोमीटरचा. आत वारा आडवा लागत नाही, बाहेर पडताच बाजूने थप्पड बसते आणि उंच ढीग शिडासारखा वारा धरतो. मोटारींना तिथे ताशी १२० ची मुभा असली, तरी टपावर माल असताना ८० पुरे.

आता किती माल ठेवावा? गाडीच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा दिलेली असते. साधारण मोटारींत ती ५० ते १०० किलो, पुष्कळ गाड्यांत ७५. यात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. वेल्डरकडून बनवलेले लोखंडी कॅरिअर २० किलोचे असेल, तर उरले ५५. मध्यम वजनाच्या सुती कापडाचा १०० मीटरचा तागा साधारण १४-१५ किलो भरतो. म्हणजे फक्त तीन तागे! आपल्याकडे दहा-दहा दिसतात. त्याहून जास्त माल असेल तर सरळ टेम्पो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या फियाट टॅक्सीवर ट्रंका रचल्या जायच्या, असे कोणी म्हणेल. त्या शहरात, धिम्या चालीने चालत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून त्याही गेल्या.

जड माल आत आणि खाली, हलका वर. नायलॉनची दोरी ताण बसला की लांबते, म्हणून कसून आवळता येणारे पट्टे घ्यावेत. पट्टे आडवे बांधतात तसे पुढून-मागूनही बांधावेत, नाही तर जोराच्या ब्रेकला माल पुढे बॉनेटवर येतो. प्लायवूडची पुढची कड मोकळी राहिली तर वारा खालून शिरतो आणि फळी पंखासारखी उचलली जाते. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात ताडपत्री हवीच. सुती कापड पाणी पिते आणि निघताना होते ते वजन वाटेत राहत नाही. टायरमध्ये हवा पूर्ण भाराची भरावी. तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

२०१९ च्या दुरुस्तीपासून माल बाजूला, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तर दंड २०,००० रुपये आहे आणि माल उतरवून दुसऱ्या वाहनाने नेण्याचा खर्च वेगळा. टेम्पोचे भाडे याहून किती तरी कमी पडते.

माल उतरला की कॅरिअरही उतरवावे. रिकामे असले तरी ते वारा अडवते आणि पेट्रोल खाते. चार नट सोडायला दहा मिनिटे लागतात.