दप्तर कोठे ठेवावे?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी मुलगा, सून वा पुतणी ‘क्लाउड’च्या कामात असेल. त्यांच्या धंद्यातील एक साधाच प्रश्न आज आपण समजून घेऊ.

दूरच्या संगणकांची उभारणी आता हाताने एकेक कळ दाबून करीत नाहीत. किती यंत्रे, कोणते जाळे, कोठला साठा, हे सारे लिहून काढतात आणि ते लिखाण साधनाच्या स्वाधीन करतात. २०१४ साली हॅशीकॉर्प या कंपनीने काढलेले ‘टेराफॉर्म’ हे असे एक प्रसिद्ध साधन.

येथे तीन गोष्टी निराळ्या मानल्या पाहिजेत. लिखाण ही आपली इच्छा. दूरची यंत्रे ही वस्तुस्थिती. आणि या दोहोंची सांगड घालणारी नोंद ती ‘स्टेट फाइल’. शेत जागेवरच असते. पण ते कोणाच्या नावे, हे पाहायला आपण सातबाराच काढतो. तसेच हे दप्तर आहे. ते हरवले म्हणजे यंत्रे नाहीशी होत नाहीत. ती चालू राहतात, त्यांचे भाडेही चढत राहते. पण टेराफॉर्मला वाटते की काहीच उभारलेले नाही, आणि ते सारे पुन्हा उभारावयास निघते. मग एकेक वस्तू ओळखून दप्तरात परत चढवीत बसावे लागते.

असे दप्तर एकाच माणसाच्या संगणकावर असावे काय? तो आजारी पडला, संगणक बिघडला, की काम थांबले. म्हणून ते सर्वांना पोहोचेल अशा सामाईक कोठारात ठेवतात. अमेझॉनचे ‘एस३’ हे असे कोठार २००६ साली सुरू झाले. २०१६ पासून अमेझॉनचे केंद्र मुंबईतही आहे.

परंतु फाइल कोठारात गेली म्हणजे सारे साधले, असे नव्हे. कोठारात फाइलीतील एखादी ओळ बदलता येत नाही. अख्खी फाइल नवी ठेवावी लागते, आणि जुनी जाते. जुन्या प्रती राखण्याची सोय आहे, पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते. दुसरे, दोघांनी एकाच वेळी काम काढले, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीने पुसली जाईल. यासाठी कुलूप हवे. पूर्वी त्याकरिता ‘डायनॅमोडीबी’त वेगळा तक्ता ठेवीत. ‘या नावाची वस्तू आधी नसेल तरच लिही’ ही अट एस३ला २०२४ साली कळू लागली, आणि त्याच वर्षी टेराफॉर्मने कोठारातच कुलपाची छोटी फाइल ठेवण्याची सोय केली. ती फाइल आधीच असेल, तर दुसऱ्याला मज्जाव. पहिल्याचे काम मध्येच तुटले, तर कुलूप तसेच राहते; ते हाताने काढता येते, पण आत खरोखर कोणी नाही याची खात्री करूनच.

तिसरा धोका अधिक नाजूक. पडद्यावर झाकलेले परवलीचे शब्दही या फाइलीत बहुधा उघडे लिहिलेले असतात. म्हणून ती लिखाणाबरोबर सर्वत्र वाटू नये. कोठारात ती सांकेतिक रूपात असावी, आणि वाचण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा. कारण जो हे दप्तर वाचतो, त्याच्या हाती घराच्या किल्ल्याही येतात.

सारांश, दप्तर सामाईक असावे, पण मोकाट नसावे. जुनी प्रत, कुलूप आणि मोजके अधिकार ही तिन्ही असतील, तरच ते सुरक्षित म्हणावे.